इतिवृत्तातील झाडे

सोलापुरात पाडवा तीन भाषांत येतो. मराठी घरांवर गुढ्या उभ्या राहतात, कन्नड घरांत बेवू-बेल्ल म्हणजे कडुनिंब आणि गूळ वाटला जातो आणि पूर्व भागातल्या विणकरांच्या तेलुगू घरांत उगादीची पच्चडी होते. पच्चडीला चिंचेचा कोळ, कैरी, गूळ, मीठ, तिखट आणि कडुनिंबाची फुले लागतात. गुढीला डहाळी चालते. पच्चडीला फुलेच हवीत. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या तेलुगू अक्का वीस-बावीस वर्षे ही फुले आवारातल्याच झाडांची वापरत. आदल्या संध्याकाळी झाडाखाली जुनी साडी अंथरायची, सकाळी तिची चारी टोके उचलायची, फुले पाखडून घ्यायची. स्वतःपुरती ठेवून उरलेली त्या चारही इमारतींत वाटत. आम्हा मराठी घरांना त्या फुलांचे नेमके काय करायचे ते ठाऊक नव्हते, पण अक्कांची वाटी आली म्हणजे उद्या पाडवा, हे पक्के होते.

२०२३ साली पाडवा २२ मार्चला होता. आदल्या दिवशी अक्कांनी आमची बेल वाजवली. "काका, फुलं कुठं मिळतील हो आता?" एवढेच त्यांनी विचारले. त्या विचारण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. जानेवारीत आमच्या आवारातले शेवटचे सात कडुनिंब कापले गेले होते आणि सोसायटीचा अध्यक्ष मी होतो. मी त्यांना मधल्या मारुतीच्या बाजाराचे नाव सांगितले. "बघते," म्हणून त्या गेल्या. दार लावल्यावर मला जाणवले, की सात झाडे कशी गेली याचे सरळ उत्तर माझ्याकडेही नाही.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. बांधाचा वाद आला की कोण काय म्हणतो ते ऐकून घ्यायचे, पण निकाल कागद पाहून द्यायचा, ही सवय हाडीमाशी भिनलेली. त्याच सवयीने मी आमच्या आवाराचे कागद काढले. जुना सात-बारा, मंजूर नकाशा, सोसायटीच्या इतिवृत्ताच्या तीन जाड वह्या आणि व्हाउचरच्या फायली. एका आवारातल्या चाळीस झाडांचा इतिहास म्हणजे काही फार मोठा विषय नव्हे. परंतु शहराचा इतिहास लिहिताना आपण तळी, किल्ला, गिरण्या आणि चळवळी पाहतो. माणसे प्रत्यक्ष राहतात ती आवारे कुणी पाहत नाही, म्हणून हा खटाटोप.

नकाशावरची हिरवी चौकट

आमची जागा विजापूर रस्त्याच्या बाजूला, १९९२ च्या हद्दवाढीने शहरात आलेल्या भागात. त्या हद्दवाढीने सोलापूरचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेले. एका फटक्यात शहर पाचपटीहून मोठे झाले; पाणी, रस्ते, गटारे मात्र त्याच वेगाने वाढणे शक्य नव्हते. आमच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर जिराईत, ज्वारी आणि थोडा पोटखराबा एवढेच आहे. विहीर नाही, झाड नाही. शेतकरी वर्षानुवर्षे ज्या जागेत एकही झाड जोपासू शकला नव्हता, तिथे आम्ही बाग करायला निघालो होतो. वर मातीचा हातभर थर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण.

मंजूर नकाशात जमिनीच्या ईशान्य कोपऱ्यात हिरव्या रेघांची एक चौकट आहे: खुली जागा. रेखांकनात अशी जागा सोडण्याचा नियम जुना आहे. २०२० साली राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीतही ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. आमची जमीन एक एकराहून जराशी मोठी, म्हणून ही चौकट चारशे चौरस मीटरांच्या पुढची. नकाशा जागा राखतो, पण तिथे झाड कोण लावणार आणि त्याला पाणी कोण घालणार, हे सांगण्यासाठी नकाशात रकाना नसतो. तो रकाना सोसायटीच्या वहीत शोधावा लागतो.

तीन वह्या

पहिल्या वहीत ऑगस्ट १९९५ चा ठराव आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणलेली ४० रोपे लावावीत: कडुनिंब १२, खोटा अशोक १४, गुलमोहर ६, सोनमोहर ४, बदाम २, चाफा २. सामाजिक वनीकरण विभाग राज्यात १९८२ साली सुरू झाला होता आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळा, कचेऱ्या आणि नव्या वसाहतींत जी हिरवाई आली, तिच्यातली पुष्कळशी अशाच रोपवाटिकांतल्या पिशव्यांतून आलेली आहे. ठरावाखाली एक तक्ता आहे. प्रत्येक रोपापुढे एका फ्लॅटचा क्रमांक आणि त्या घरातल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव. तक्त्याखाली सूचना: "धुण्याभांड्याचे शेवटचे पाणी बादलीने घालावे." हस्ताक्षर पहिल्या सचिवांचे, वळणदार, एका गिरणीत मस्टर लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे.

१९९७ मध्ये अर्धवेळ माळी ठेवला गेला आणि जमाखर्चात 'बाग' असे स्वतंत्र खाते उघडले. पुढची पाच-सहा वर्षे त्या खात्यात शेणखत, रबरी नळी, कुंपणाची तार, विळा असे बारीकसारीक खर्च दिसतात. याच काळात झाडे पहिल्या मजल्याच्या वर गेली. मुलांची नावे असलेला तक्ता मात्र पुन्हा कुठे येत नाही. माळी आल्यावर त्याची गरज उरली नसावी.

२००३ हे दुष्काळाचे वर्ष. त्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि मासिक सभेत ठराव झाला: "पाणीटंचाईमुळे बागेस पाणी देणे तात्पुरते बंद करण्यात यावे." मी तिन्ही वह्या दोनदा वाचल्या. हे 'तात्पुरते' उठवल्याचा ठराव कुठेही नाही. पाऊस पडला, टँकर थांबले, बागेचे पाणी बंदच राहिले. पुढच्या वर्षी माळ्याला झाडलोटही सांगितली गेली आणि खात्याचे नाव 'बाग व सफाई' झाले. त्याच्या पुढच्या वर्षी ते नुसते 'सफाई' झाले. आमच्या बागेचा मृत्युलेख शोधायचा तर तो इथे आहे, दोन शब्द गळण्यात. बाग मोडावी असा ठराव कुणी मांडला नाही, कुणी अनुमोदन दिले नाही.

यानंतरची घसरण सरळ आहे. सोनमोहर आणि चाफा एकेक करून वाळले. त्यांची नोंद नाही, पण नंतरच्या नोंदींत ते येत नाहीत. २००९ च्या वळवाच्या वाऱ्यात एक गुलमोहर एका स्कूटरवर पडला आणि महिन्याभरात उरलेले गुलमोहरही 'धोकादायक' म्हणून काढले. गुलमोहर मुळात मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ. मुरमात, पाण्याविना वाढलेला गुलमोहर वाऱ्यात पडतो यात नवल नव्हते. २०१२ मध्ये आवारात पेव्हर ब्लॉक बसले, थेट बुंध्यांना भिडवून. पावसाचे जे पाणी पूर्वी मुरमात जिरायचे, ते आता उतारावरून फाटकाबाहेर जाऊ लागले. त्याच सुमारास, २०१३ मध्ये, दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढून किमान एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. दिल्लीची बातमी आमच्या आवारापर्यंत पोचली नाही. पोचली असती तरी चिखल गेला याच आनंदात आम्ही होतो. २०१६ मध्ये चारचाकींसाठी अशोकांची रांग गेली. उरले सात कडुनिंब आणि पाण्याच्या टाकीजवळचे दोन बदाम.

कोरड्या गावाची रीत

हे सगळे वाचताना मला सोलापूरचा मोठा इतिहास आठवत होता. या गावात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. त्यामुळे इथे जे जे टिकले त्याच्यामागे कुणी तरी पाण्याचा विचार केलेला आढळतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तळे खोदवले, म्हणून सोन्नलगीचे तीर्थक्षेत्र झाले. १८७१ मध्ये अदिला नदीवर एकरुखचा तलाव पुरा झाला. आज आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या कृत्रिम तलावांत त्याची गणना होई. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि गाव वाढत गेले. पण १८७६-७८ च्या दुष्काळाने हेही दाखवून दिले, की गाव पाण्याच्या पुढे धावले की काय होते.

अशा गावात झाड म्हणजे आधी पाण्याचा हिशोब. म्हणूनच इथला खरा नागरिक कडुनिंब. त्याची मुळे खोल जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर तो पान गाळतो आणि चैत्रात, सगळे करपत असताना, पुन्हा पालवतो. मराठीत कडुनिंब किंवा नुसता लिंब, कन्नडमध्ये बेवू, तेलुगूत वेपा. तिन्ही भाषांना सणात लागणारे असे दुसरे झाड या गावात नाही. रेल्वे लाइन्स, मोदी, सात रस्ता या जुन्या भागांत जी सावली आहे तिच्यात त्याचा वाटा मोठा. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर सहज जातो. तेव्हा या झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला पर्यावरण हा शब्द ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

पण सगळीकडे झाडच लावावे, असेही इथली जमीन सांगत नाही. शहरापासून जवळ असलेल्या नान्नजच्या माळरानावर माळढोक आढळले आणि १९७९ मध्ये अभयारण्य झाले. या पक्ष्याला मोकळे गवताळ रान लागते. तिथे दाट झाडी उभी करणे म्हणजे त्याचे घर मोडणे. पुढे राज्यात वृक्षलागवडीच्या मोहिमा कोटींच्या आकड्यांत गेल्या. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचे उद्दिष्ट होते. लावण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. पाणी घालणाऱ्याचे नाव आमच्या १९९५ च्या तक्त्यात होते, तसे फार थोड्या ठिकाणी असते. लावणे एका सकाळीत उरकते. जगवणे हे खाते आहे. ते दरवर्षी पुढे ओढावे लागते.

१९३० ची शिंदी

सोलापूरच्या इतिहासात झाडे तोडण्याचा एक प्रसंग अजरामर आहे, आणि तो आमच्या प्रसंगाच्या अगदी उलट टोकाचा. ब्रिटिश अमलात शिंदीच्या झाडाला सरकारी महत्त्व होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढायला परवाना लागे आणि झाडामागे कर बसे. म्हणजे या मुलखात झाड मोजले गेले ते सावलीसाठी नव्हे, महसुलासाठी. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचे हे गाव पेटून उठले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. पोलिसांनी धरपकड केली, जमाव अडून बसला आणि गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे आलेला तरुण शंकर शिवदारे त्यात बळी पडला. पुढचे काही दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल नावापुरताच होता. १२ मे ते ३० जून मार्शल लॉ होता, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. बिळाशीत, चिरनेरला लोकांनी राखीव रानावरचा आपला हक्क सांगितला.

या घटनांत झाड तोडणे हे कृत्य म्हणून उघड होते. दिवसाढवळ्या, नाव घेऊन, शिक्षा ठाऊक असताना केलेले. शिंदीवर कुणाचा राग नव्हता. झाडावर बसवलेल्या सरकारवर होता. आपण काय करतो आहोत आणि त्याची किंमत काय, हे तोडणाऱ्याला पुरते माहीत होते. आमच्या आवारात चाळीसपैकी अडतीस झाडे गेली, आणि त्यांतल्या एकाही झाडाबद्दल 'हे मी केले' असे म्हणणारा माणूस मला तीन वह्यांत सापडला नाही. सगळी वाक्ये कर्मणी प्रयोगात आहेत: बंद करण्यात यावे, काढून टाकण्यात आले, निदर्शनास आणण्यात आले. नोकरीत हीच मराठी मी चाळीस वर्षे लिहिली. तिच्यात माणूस कसा लपतो, हे मला तेव्हा दिसले नव्हते.

कायदा कुऱ्हाडीपाशी येतो

झाडे तोडण्याविषयी आपल्याकडे कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. त्याने शहरांत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी आले, दर पाच वर्षांनी वृक्षगणनेची तरतूद आली. झाड खासगी आवारात असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज करावा लागतो, पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. झाड कोसळून तत्काळ धोका असेल तर आधी तोडण्याची मुभा आहे, पण चोवीस तासांत कळवावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्यापुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याची अट आली.

ही शेवटची अट मी आमच्या आवाराला लावून पाहिली. सात कडुनिंब, प्रत्येकी अठ्ठावीस वर्षांचे. म्हणजे १९६ नवी झाडे. आमच्याकडे आज पेव्हर नसलेली जमीन मोजली तर सतरंजीभर भरेल. दुसराही एक हिशोब मी केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये धरावे असे सुचवले होते. त्या दराने आमची सात झाडे १ कोटी ४६ लाख २ हजार रुपयांची होतात. या आकड्याचा बराच मोठा भाग प्राणवायूच्या किमतीचा आहे आणि झाडाला सिलिंडरच्या भावाने मोजणे मला पटत नाही. अक्कांच्या वाटीभर फुलांचा रकाना त्या हिशोबात नाहीच.

माझ्या मते कायद्याची खरी उणीव वेगळीच आहे. तो कुऱ्हाडीपाशी येऊन उभा राहतो. २००३ मध्ये पाणी बंद झाले, २००५ मध्ये खाते गळाले, २०१२ मध्ये मुळांवर फरशी बसली, तेव्हा कायद्याला बोलायला जागा नव्हती. झाड मरणाला टेकल्यावर 'मृत अथवा धोकादायक' या सदरात ते आपोआप बसते आणि मग परवानगी मागणे रास्तच ठरते. दुर्लक्षाला परवानगी लागत नाही.

तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कागदाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी प्रकरण आहे. आंबा, फणसासारखी लाकडे जहाजांच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये, असे ते सांगते. कारण देताना अमात्य सावलीचे किंवा पावसाचे नाव घेत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्या माणसाच्या दुःखाला पार राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. इथे झाडाचे मोल वाढवणाऱ्याच्या श्रमांनी ठरते. आमच्या १९९५ च्या तक्त्यात नेमके हेच होते: रोपापुढे लेकराचे नाव. तो तक्ता गेला आणि झाडे कुणाचीच राहिली नाहीत.

नग ७

आता शेवटचा कागद. डिसेंबर २०२२ च्या सभेत ठराव झाला, की कुंपणाच्या भिंतीवर कललेले एक आणि शेंडे वाळलेली दोन, अशी तीन झाडे काढण्यासाठी अर्ज करावा. अर्जाची प्रत फायलीत आहे, तीन झाडांची. शेंडे वाळण्याबद्दल मला नंतर कळले, की २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंब मोठ्या प्रमाणावर असेच शेंड्याकडून वाळले होते. तो एका बुरशीचा रोग होता आणि त्यातली पुष्कळ झाडे पुढच्या हंगामात पुन्हा पालवली. आमच्या झाडांना तोच रोग होता असे मी म्हणणार नाही. तपासले कुणीच नव्हते.

जानेवारीतल्या एका दुपारी यंत्रकरवतीचा आवाज सुरू झाला. मी घरीच होतो. तीन झाडांना साधारण किती वेळ लागावा याचा अंदाज मला होता, आणि आवाज त्यापुढेही चालू राहिला. मी खाली गेलो नाही. पाला पडतो म्हणून तक्रारी होत्या, कावळ्यांची घाण गाड्यांवर पडते म्हणून भांडणे होत होती, आणि अध्यक्ष म्हणून त्या भांडणांचा मला कंटाळा आला होता. एकदाचे होऊन जाईल, असे मनात आले. ते नाकारण्यात अर्थ नाही. संध्याकाळी व्हाउचर समोर आले: "कडुनिंब, नग ७. मजुरी लाकडापोटी वळती. देय रक्कम शून्य." खाली सही माझी आहे. तिन्ही वह्यांत शोधत होतो तो माणूस शेवटी या कागदावर सापडला.

झाडे कशी गेली याचे उत्तर म्हणून मला हे मांडावे लागते: त्यांना आधी पाण्याने सोडले, मग खात्याने, मग जमिनीने, आणि सगळ्यांत शेवटी करवतीने. शेवटच्या टप्प्यावर मी होतो, परंतु आधीच्या टप्प्यांच्या ठरावांवरही सदस्य म्हणून माझी उपस्थिती आहे. २००३ च्या 'तात्पुरते'ला अनुमोदन देणाऱ्यांत माझे नाव आहे. माझा शोध बांधाच्या वादासारखा सुरू झाला होता. निघाले असे, की अतिक्रमण माझेच होते.

तीनऐवजी सात झाडे गेल्याचे मी गेल्या वर्षी स्वतः लेखी कळवले. अर्जाची पोच फायलीला लावली आहे. दंड झाला तर तो सगळ्यांच्या खिशातून जाईल, म्हणून काही सभासद माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. अध्यक्षपद मी सोडले आहे.

यंदाच्या वार्षिक सभेत मी तीन मागण्या मांडल्या. खुल्या जागेतले आणि दोन्ही बदामांभोवतीचे पेव्हर ब्लॉक मीटरभर काढावेत. छतावरचे पावसाचे पाणी फाटकाबाहेर न सोडता त्या जागेत मुरवावे. जमाखर्चात 'बाग' हे खाते पुन्हा उघडावे आणि ते दुसऱ्या कुठल्याही खात्यात मिळवू नये. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर बरीच चर्चा झाली. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यात बागेला पाणी कुठले, हा प्रश्न २००३ इतकाच आजही खरा आहे. शेवटी खाते उघडायचे ठरले, पण माळी ठेवायचा नाही. रोपे चारच लावायची, जितकी जगवता येतील तितकी, आणि प्रत्येकापुढे एका घराचे नाव लिहायचे.

तक्ता करायला वही माझ्याकडे दिली. पहिल्या रोपापुढे अक्कांनी आपल्या नातीचे नाव सांगितले. कडुनिंबाला फुले यायला चार-पाच वर्षे तरी लागतील, तोवर त्या मधल्या मारुतीहूनच आणणार आहेत. दुसऱ्या रोपापुढे कुणाचे नाव येईना, तेव्हा मी माझे लिहिले, आणि खाली जुन्या सचिवांची ती सूचना जशीच्या तशी उतरवून घेतली.